वाचकांचे प्रश्न : मुंबईत चित्रे कोठे पाहावीत?

प्रश्न : माझी मुलगी यंदा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसली आहे. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोन दिवस मुंबईत असू. तिला चांगली कला पाहायला मिळावी अशी इच्छा आहे; पण संग्रहालयांची यादी पाहून काय निवडावे हे ठरत नाही.
– एक पालक, सांगली

उत्तर : दोन दिवसांत दोनच संग्रहालये पाहावीत आणि प्रत्येकाला निदान अर्धा दिवस द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. एका दिवसात चार ठिकाणे उरकली, तर मुलीला दालनांपेक्षा जिनेच जास्त लक्षात राहतील.

पहिला दिवस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्यावा. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालय म्हणून वापर झाला आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून खुली झाली. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला आहे. आत शिरताच दालनांकडे धाव न घेता मधल्या चौकात थांबून वर पाहावे. तेथील कमानींचे लाकडी काम नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत आणून विटेट यांनी या इमारतीत बसवले आहे. वाड्याचे लाकूडकाम आपल्या ओळखीचे असते. मात्र दगडी घुमटाखाली ते किती वेगळे दिसते, हे मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.

त्यानंतर दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली म्हणजे सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपातून आणलेली भाजलेल्या मातीची शिल्पे. ती साधारण पाचव्या शतकातील असून त्यांतील बुद्धमूर्तींवर गांधार आणि गुप्त या दोन्ही शैलींची छाया दिसते. साध्या मातीत पापण्यांची आणि वस्त्राच्या चुण्यांची एवढी नजाकत कशी उतरली, हे जवळ जाऊन न्याहाळण्याजोगे आहे. दुसरी म्हणजे लघुचित्रे. १९१५ मध्ये संग्रहालयाने शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला आणि तो येथील चित्रसंपदेचा पाया ठरला. पंचतंत्राच्या कथांवर आधारलेल्या ‘अन्वार-ए-सुहैली’ या फारसी ग्रंथाची, अकबराच्या चित्रशाळेत १५७५ च्या सुमारास सजवलेली प्रतही याच संग्रहालयाकडे आहे. आपली मुलगी परीक्षेसाठी संकल्पचित्र काढते, म्हणून तिला चित्राच्या मध्यभागी पाहण्याआधी कडेचा हाशिया पाहायला सांगावे. वेल कोपऱ्यावर कशी वळते, फुलांमधले अंतर कसे राखले जाते आणि चित्रातील एखादा वृक्ष चौकटीबाहेर मुद्दाम कसा डोकावतो, हे तेथे वही-पेन्सिल घेऊन टिपता येईल.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याला राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. १८७२ मध्ये खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय होय. १९७५ मध्ये त्याला मूळच्या गोव्यातील मांद्रे गावच्या, पेशाने डॉक्टर आणि व्यासंगाने प्राच्यविद्यापंडित असलेल्या भाऊ दाजींचे नाव देण्यात आले, कारण संग्रहालय उभे करण्यासाठी झटणाऱ्यांत ते आणि नाना शंकरशेट हे अग्रभागी होते. पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या या वास्तूचा इतका काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला, की २००५ मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला. ओतीव लोखंडाचे खांब आणि सोनेरी वर्खाची नक्षी पाहून झाल्यावर वरच्या मजल्यावर मुंबईच्या लोकजीवनाची मातीची छोटी प्रारूपे पाहावीत. निरनिराळ्या समाजांचे पोशाख, पागोटी आणि व्यवसाय त्यांत बारकाईने घडवलेले आहेत. आवारात घारापुरीचा तो दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याच्या खटपटीत फुटला आणि पुढे त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले. सांधे शोधत हत्तीभोवती एक फेरी मारावी.

प्रश्न : लघुचित्रांच्या दालनांत इतका अंधार का ठेवतात? वृद्धांना काहीच नीट दिसत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही गैरसोय खरी आहे, परंतु ती चित्रांच्या आयुष्यासाठी पत्करलेली आहे. कागदावरील जलरंग, विशेषतः वनस्पतिजन्य रंग, प्रकाशाने फिकट होतात आणि एकदा उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून अशा चित्रांवर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संकेत जगभर पाळला जातो. आत गेल्यावर पाच मिनिटे बाकावर बसावे. डोळे सरावले, की बरेच दिसू लागते. भिंग जवळ ठेवावे. छायाचित्रणाची परवानगी असली, तरी फ्लॅश कधीही वापरू नये.

प्रश्न : कुलाबा आणि फोर्टमधील खासगी कलादालनांत जावेसे वाटते, पण काही विकत घ्यायचे नसताना आत जाणे बरे दिसेल का?
– एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : अवश्य जावे. या दालनांना तिकीट नसते आणि पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने खरेदी करावी, अशी अपेक्षाही नसते. बरीचशी दालने जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत, दार बंद असते आणि घंटी वाजवावी लागते. तेथेच अनेकांचा धीर खचतो. दार उघडल्यावर प्रदर्शनाची माहितीपत्रिका मागावी आणि निवांत पाहावे. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर सुरू केलेली ‘केमोल्ड’ २००७ पासून फोर्टमध्ये आहे; तेथून आरंभ केल्यास समकालीन भारतीय कला कोणत्या दिशेने चालली आहे, याचा अंदाज येईल. रविवारी ही दालने बहुधा बंद असतात.

तरीही संकोच वाटत असेल, तर आधी जहांगीरला जावे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ मध्ये उभे राहिलेले हे दालन सर्वांना विनामूल्य खुले असते. प्रदर्शने साधारणपणे आठवड्याला बदलतात आणि चित्रकार बहुतेक वेळा स्वतः तेथे बसलेला असतो. गावोगावचे चित्रकार येथे एक आठवडा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहतात. अशा वेळी कोणी चित्रासमोर थांबून मनापासून प्रश्न विचारला, तर त्यांना आनंदच होतो. आपण शिक्षक होतात, प्रश्न विचारणे आपल्याला अवघड जाऊ नये. फेब्रुवारीतील काळा घोडा महोत्सवाचे दिवस मात्र टाळावेत. तो सोहळा सुंदर असतो, परंतु त्या गर्दीत चित्रे शांतपणे पाहणे शक्य होत नाही.

प्रश्न : धुरंधर, गायतोंडे यांची मूळ चित्रे मुंबईत हमखास कोठे पाहायला मिळतील?
– एक कलाविद्यार्थी, सातारा

उत्तर : ‘हमखास’ हा शब्द येथे अडचणीचा आहे. काळा घोडा परिसरातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हे त्यासाठी पहिले ठिकाण. १९११ च्या कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ पासून भरते. परंतु तेथील प्रदर्शने बदलत असतात. २०१८ मध्ये म. वि. धुरंधरांचे मोठे प्रदर्शन तेथे झाले, पण एरवी त्यांची चित्रे भिंतीवर असतीलच असे नाही. म्हणून सध्या काय मांडले आहे, हे दूरध्वनीवरून विचारूनच प्रवास ठरवावा. सोमवारी ते बंद असते. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची सुट्टी बुधवारी असते.

आपण साताऱ्याचे आहात, म्हणून मुंबईच्या आधी औंधला जावे असे सुचवतो. स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर स्थापन केलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रे आहेत, तसेच हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. धुरंधरांचा जलरंग आणि तैलरंग तेथे मन लावून पाहून घ्यावा आणि मग मुंबईचा बेत आखावा.