सुका चारा बंद करून गाई चराईवर ठेवल्या तर परवडेल का?

तुम्ही विचारलंय की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात चार गाई आहेत, घरचं तीन एकर वरकस (डोंगरउताराची हलकी, गवताची जमीन) आहे, तरी वर्षभर पेंढा आणि गवत विकत घ्यावं लागतं. ते बंद करून गाई चरायला सोडल्या तर चालेल का. मी शेजारच्या मुरबाडचा. डोंगर तोच, पाऊस तोच. चराई परवडते, पण तीन एकरात सुका चारा बंद होत नाही. पावसाळ्यापुरता निम्म्यावर येतो. एवढं जमलं तरी बऱ्यापैकी पैसा हातात राहतो.

आधी गवत मोजा. काठ्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा, ती वरकसावर चार-पाच ठिकाणी टाका, आतलं गवत विळ्याने कापून काट्याला लावा. चौकटीत किलोभर हिरवं गवत भरलं तर ते आपल्याकडे चांगलंच म्हणायचं. मुरमाड उताराला अर्धाच किलो भरेल. एकरात साधारण ४,००० चौरस मीटर, म्हणजे किलोच्या हिशेबाने ४ टन. त्यातलं निम्मं पायाखाली जातं, शेणाने बाटतं किंवा मुद्दाम मागे ठेवायचं असतं. उरलं २ टन. साडेतीनशे किलोची गाय दिवसाला चाळीसेक किलो हिरवं खाते, म्हणजे एका एकरात एका गाईचे ५० दिवस. एक एकर बंद ठेवायचं (का ते पुढे सांगतो), दोन एकर चारायचं आणि हंगामात त्याचे दोन फेरे धरायचे. हिशेब २०० दिवसांचा आला. चार गाईंना वाटला तर ५० दिवस पूर्ण पोट, नाहीतर १०० दिवस अर्धं पोट.

मी अर्धं पोट निवडेन. नुसत्या कोवळ्या लुसलुशीत गवतावर गाय पातळ शेण टाकते आणि दुधाची फॅट उतरते. डेअरीवर ३.५ च्या खाली फॅट लागली की चाऱ्यात वाचवलेलं तिथे जातं. सकाळी धार काढल्यावर तीन-चार किलो पेंढा पुढे टाकायचा, मग रानात न्यायचं. गाईमागे रोजचा चार किलो सुका वाचला तरी चार गाईंचे १०० दिवसांत १६ क्विंटल होतात. तुमच्याकडचा भाव लावून बघा.

आता चारायचं कसं, कारण खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडून रान हिरवं दिसलं की लोक दावं सोडतात. त्या वेळी गवत मुळातल्या साठ्यावर फुटत असतं. तेव्हाच ओरबाडलं तर शेडा, पवन्या, मारवेल ही चांगली गवतं मागे पडतात आणि त्यांच्या जागी टाकळ्याचं तण माजतं, ज्याला गुरं तोंड लावत नाहीत. गवत गुडघ्याला लागेपर्यंत, साधारण आषाढ निम्मा होईपर्यंत, वरकसात गुरं घालू नका. त्यानंतर दोन एकरांचे बारा-चौदा तुकडे पाडा. एका तुकड्यात तीन-चार दिवस, बुडात चार बोटं गवत राहिलं की पुढच्यात. मागच्याला किमान २५ दिवस विसावा. गाय एकाच जागी आठवडाभर राहिली की नव्याने फुटलेली पालवी परत खाते, आणि तेच गवताला मारतं.

तुकडे पाडायला रानडुकरांसाठी मिळतं ते सोलरचं झटका मशीन (तारेला हात लागला की हलका झटका देणारं) आणि एक तार पुरते. घरची लाईट थेट तारेत सोडणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्यात माणसं मेली आहेत, गुन्हाही होतो; तो विचार मनातही आणू नका. मुसळधार पावसात उतारावर गाई घालू नका, खुरांनी माती सुटते. त्या दिवशी बांधाचं गवत कापून गोठ्यात घाला.

गाई कुठल्या ते तुम्ही लिहिलं नाही. डांगी असतील तर प्रश्नच नाही, ती जात शहापूर-इगतपुरी-अकोले पट्ट्यातली, पाऊस अंगावर घेऊन चरते. दहा-बारा लिटरची संकरित एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीची) असेल तर तिला डोंगर चढवू नका, जवळच्या सपाट तुकड्यात दोन-तीन तास पुरे. तिचा खुराक (पेंड, भरडा) तर अजिबात तोडू नका. अडीच लिटर दुधामागे किलोभर खुराक हा हिशेब चराईवरही तसाच. गाभण नसलेल्या भाकड गाई आणि कालवडी मात्र चराईवर निम्म्याहून जास्त पोट भरतात. वाचवायचं तर तिथे वाचवा.

चराईचा एक खर्च लोक धरत नाहीत. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी, मे महिन्यात टोचून घ्या. भाताच्या खाचराकडेला, जिथे पाणी साचून गोगलगायी असतात, तिथे चारलं तर यकृतातले चपटे कृमी होतात. भाद्रपदात शेण तपासून डॉक्टरांकडून औषध घ्या. संकरित गाईला गोचिडातून थायलेरिया (रक्तातला आजार) होतो, अंगावर हात फिरवत जा. बांधावर घाणेरी (टणटणी) असेल तर उपटा, ती गुरांना विषारी.

आता ते बंद ठेवलेलं एक एकर. आपल्याकडे गवत भातकापणी उरकल्यावर, कार्तिकात कापतात, कारण त्याआधी मजूर नसतात. तोवर बी गळून गेलेलं असतं, कुसळी गवताला कुसळं आलेली असतात आणि उरलेल्या काडीत पेंढ्याइतकाच जीव असतो. असलं गवत व्यापाऱ्याच्या वखारीला चालतं, गाईला त्यात फार काही मिळत नाही. हस्ताचा पाऊस सरला, चित्राचं ऊन पडलं की, म्हणजे ऑक्टोबरच्या मधल्या पंधरवड्यात, गवत फुलोऱ्यात असतानाच ते एक एकर कापा. दोन-तीन दिवस उलटंपालटं करून वाळवा आणि हिरवट रंगावरच गंजी रचा. घरचं गवत कार्तिकात वखारीला विकून चैत्रात चढ्या भावाने परत आणणारे किती आहेत, ते तुम्हीही पाहिलं असेल.

कमी पडणारा पेंढा झोडणी झाल्याबरोबर शेजारच्या खळ्यावरूनच घ्या, कारण नंतर लोक तो राबाला (रोपांची जागा भाजायला) नाहीतर तबेल्याला देऊन टाकतात. त्याला युरियाची प्रक्रिया करून ठेवली तर प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून प्लास्टिकने हवाबंद करायचा, २१ दिवसांनी उघडायचा. खायला घालण्याआधी तासभर उघड्यावर पसरा म्हणजे वास जातो. सुरुवातीला थोडाच द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा पेंढा बिलकुल नको, आणि युरियाचं उरलेलं पाणी गुरांच्या तोंडी लागेल असं कुठे ठेवू नका.