अर्क घातलेली फिल्म आली म्हणून द्राक्षाच्या पेटीतला पॅड काढू नका

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न : लवंग तेल आणि डाळिंबसालीचा अर्क घातलेली, मातीत कुजणारी फिल्म विकायला एक विक्रेता आला होता. ही पेटीत अंथरली की सल्फर डायऑक्साइडचा पॅड (बुरशी रोखणारा वायू हळूहळू सोडणारा कागद) लागत नाही, असं तो म्हणतो. घ्यावी का? निफाडच्या एका ताईंनी विचारलंय, वापरलेली फिल्म खताच्या खड्ड्यात टाकली तर चालेल का?

दादा, निर्यातीच्या मालातला पॅड यंदा तरी काढू नका. पेटीत द्राक्षं कुजवते ती करडी बुरशी, आणि ती शून्य अंशालाही वाढते. पॅडमधला वायू पेटीभर फिरतो, घडाच्या आतल्या मण्यापर्यंत जातो. फिल्ममधले बरेचसे घटक मात्र जिथे मण्याला टेकतात तिथेच काम करतात. लवंगेतलं युजेनॉल वाफ होऊन हवेत पसरतं, पण ते मारक ठरेल इतकं वाढवलं तर द्राक्षाला लवंगेचा वास लागतो आणि माल नाकारला जातो.

याचा अर्थ फिल्म फसवी आहे असं नाही. अशा काही फिल्ममध्ये असणारं, कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसान बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं, डाळिंबसालीतले पॉलिफेनॉल त्याला जोड देतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. बागलाण, देवळ्याकडच्या डाळिंबाची साल अशी कामी आली तर मला मनापासून आनंद होईल. शिवाय पॅडचा वायू जास्त झाला की मणी देठाजवळ पांढरे पडतात, आणि युरोपात सल्फाइटची (फळात उरणाऱ्या या वायूच्या अंशाची) मर्यादा किलोला १० मिलिग्रॅमच आहे. पर्याय हवाच आहे. अडचण दमटपणाची आहे. कोल्ड स्टोअरेजमध्ये आर्द्रता ९० ते ९५ टक्के असते. स्टार्चची फिल्म तिथे पाणी ओढून मऊ पडते, फाटते.

म्हणून स्थानिक बाजाराच्या मालावर करून बघा. एकाच प्लॉटचे, एकाच सकाळी काढलेले घड घ्या. दहा पेट्या फिल्म आणि पॅड दोन्ही घालून, दहा नुसत्या पॅडच्या, दोन-तीन नुसत्या फिल्मच्या. पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी कुजलेले मणी मोजा, देठ हिरवा आहे का पाहा, चव घ्या. प्री-कूलिंगला, म्हणजे तोडणीनंतर माल लगेच थंड करायला, उशीर झाला असेल तर मात्र कुठलीच फिल्म माल वाचवणार नाही.

विक्रेत्याकडून दोन कागद मागा : २०१८ च्या अन्न पॅकेजिंग नियमांनुसार चाचणी अहवाल, आणि कंपोस्टेबल म्हणत असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. टाळाटाळ केली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

ताई, फिल्म कशाची आहे त्यावर ठरतं. स्टार्च किंवा कायटोसानची असेल तर खड्ड्यात कुजते. पीएलएची (मका-उसासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लास्टिकची) असेल तर कुजायला तिला साठ अंशांच्या आसपासची उष्णता बरेच दिवस लागते, आणि एवढी उष्णता घरच्या खड्ड्यात टिकत नाही. आधी एक पट्टी कांद्याच्या जाळीत बांधून खड्ड्यात पुरा, दोन महिन्यांनी उकरून बघा. तशीच निघाली तर बाकीची खतात मिसळू नका.