डबा पाठीवर नको, कॅरिअरवर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दांडिया बाजारात राहतो आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये आहे. अंतर सात-एक किलोमीटर. मागच्या दिवाळीत गिअरची सायकल घेतली. पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, जाड नक्षीचे टायर. पण सॅकमुळे पाठ घामानं भिजते, कारखाना येईपर्यंत गुडघे भरून येतात आणि पहिल्याच पावसात शर्टावर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटला. ही विकून दुसरी घेऊ, की हिच्यावरच खर्च करू? पाच हजारांपर्यंत तयारी आहे. आधी काय बसवू?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : विकू नका. तुमची सायकल डोंगरातल्या पायवाटांसाठी बनवलेली आहे आणि बडोद्यात चढ म्हणजे रेल्वेवरचे पूल तेवढे. तरी फ्रेम आणि चाकं धड असतील, तर तीच सायकल कामावर जायला उत्तम तयार होते. दुकानात गिअर किती, ब्रेक कुठले, एवढंच बोललं जातं. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, दिवा, कुलूप यांचा विषय निघत नाही. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीवर यातलं बहुतेक सगळं आधीपासून असायचं, कारण ती सायकल कामावर जाण्यासाठीच होती.

पहिली दुरुस्ती फुकट आहे : सीटची उंची. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, म्हणजे गुडघ्याला हलका बाक येईल. सायकल मारायची ती चवड्यानंच. सीट खाली असली की गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, आणि तुमचं दुखणं मला तेच वाटतं. फार वर गेली तर कंबर डावी-उजवी डोलू लागते, मग थोडी खाली घ्या. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतका दांडा कधीही वर काढू नका. योग्य उंचीवर सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला पोचत नाहीत आणि याच भीतीनं बहुतेक जण सीट खाली ठेवतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि डावा पाय टेकायचा. थोड्या दिवसांत हे अंगवळणी पडतं.

दुसरं, हवा. तुमच्या सायकलीच्या ट्यूबला बहुधा मोटरसायकलसारखाच वॉल्व्ह असेल, म्हणून पेट्रोल पंपावर हवा भरण्याचा मोह होतो. पण तिथला कॉम्प्रेसर सायकलच्या लहान ट्यूबला क्षणात फुगवतो. घरी मीटरवाला पायपंप घ्या. टायरच्या कडेवर हवेची मर्यादा पीएसआयमध्ये छापलेली असते, तिच्या आत राहा आणि पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी भरा. आठवड्यातून एकदा हवा पाहिलीत तर पंक्चर कमी होतील आणि दमही कमी लागेल. टायर मात्र लगेच बदलू नका. झिजले की कमी नक्षीचे आणि अरुंद घ्या : कडेवर 26×2.10 असेल तर 26×1.75. पहिला आकडा तोच राहिला पाहिजे. शॉकअपच्या वर बंद करायची कळ असेल तर डांबरी रस्त्यावर तो बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक पायडलबरोबर तुमची थोडी ताकद तो दाबण्यातच जाते.

आता पाच हजारांचा प्रश्न. मी कॅरिअरपासून सुरुवात करीन, कारण पाठीवरचं ओझं हाच तुमचा सगळ्यात मोठा त्रास आहे. मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला बारीक आटे असलेली भोकं आहेत का पाहा. असतील तर फ्रेमवर बसणारं लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं कॅरिअर घ्या. अशा कॅरिअरवर साधारण 25 किलोपर्यंत वजन चालतं, नेमका आकडा त्यावरच छापलेला असतो. भोकं नसतील तर सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर मिळतं, पण ते फार वजन पेलत नाही आणि खड्ड्यात एका बाजूला फिरतं. तुमच्याकडे डिस्क ब्रेक आहे, म्हणून सायकल दुकानात न्या आणि कॅरिअरचा पाय कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाला, घासत नाही ना, हे समोर बसवून बघा. स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घालायला सांगा. आपल्या रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी साधे स्क्रू महिन्याभरात ढिले होतात.

त्यावर बाजूला लटकणारी एक पिशवी. सॅक कॅरिअरवर आडवी बांधली तर आमटीचा डबाही आडवा होतो. बाजूच्या पिशवीत डबा उभा राहतो, वजन चाकाच्या आसापाशी खाली येतं आणि सायकल डगमगत नाही. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी बोटभर मागे सरकवा. मी रावपुऱ्याहून गोरव्याला नोकरीला जाते, त्या पिशवीत डबा, रेनकोट, एक सुती कुर्ता आणि पंचा एवढंच असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा कुर्ता तिथे पोचल्यावर बदलते. तुम्हीही एक शर्ट कामावरच्या कपाटात ठेवा.

मडगार्ड अखंड घ्या. सीटखाली चिकटवायची प्लास्टिकची पट्टी पाठ वाचवते, बूट आणि चेन वाचवत नाही. तुमच्या शॉकअपमुळे पुढे पूर्ण मडगार्ड बसणं कठीण आहे, तिथे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीत अडकणारं घ्या. मागचं मात्र दोन्ही बाजूंच्या सळयांवर उभं राहणारं हवं. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा सोडा, कमी ठेवलीत तर चिखल अडकून चाक आवळलं जातं. पुढच्या मडगार्डाला खाली जाड रबराचा तुकडा लावून घ्या. जुन्या ट्यूबचा कापला तरी चालतो, आणि एवढ्याशा तुकड्यानं बूट कोरडे राहतात.

दिव्यांत काटकसर नको. हिवाळ्यात तुमची शिफ्ट सुटेपर्यंत अंधार पडलेला असणार. मागचा लाल दिवा बहुतेक लोक सीटच्या दांड्याला लावतात आणि कॅरिअरवर सामान ठेवलं की तो झाकून जातो. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा, रात्री पाच पावलं मागे जाऊन स्वतः बघा. पुढचा दिवा किंचित खाली झुकलेला असू द्या, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये. दोन्ही दिवे कामावर चार्ज करून घेता येतात. आणखी एक स्वस्त वस्तू : घोट्याला बांधायची चमकणारी पट्टी. ती पायाबरोबर खाली-वर होते, त्यामुळे मागच्या गाडीवाल्याला हा सायकलवाला आहे हे लांबून कळतं. उजव्या पँटचा पायही तीच पट्टी चेनपासून लांब ठेवते. उजव्या बाजूला छोटा आरसा बसवलात तर लालबागच्या पुलावर मान न वळवता मागचं दिसेल.

कुलूप जाड यू-आकाराचं घ्या. बारीक केबल पक्कडीनं तुटते. मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही एकाच कुलपात घेऊन स्टँडच्या लोखंडी नळीला अडकवा. चाकाला हातानं उघडायची दांडी असेल तर ती काढून तिथे अॅलनचा, म्हणजे षटकोनी किल्लीनं फिरणारा, बोल्ट बसवून घ्या. फ्रेमचा नंबर पायडलच्या मधल्या कपाखाली, म्हणजे पायडलचे दांडे फ्रेमला जोडतात त्या नळीखाली, ठोकलेला असतो, त्याचा फोटो बिलाबरोबर जपून ठेवा.

पाच हजारांत यातलं जवळजवळ सगळं बसेल. कमी पडलंच तर आरसा पुढच्या महिन्यावर ढकला. दिवे ढकलू नका.

प्रश्न : मी कारेलीबागेत राहते, फतेगंजच्या शाळेत शिकवते. आईची जुनी लेडीज सायकल 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी पार्किंगमध्ये आलं तेव्हा बुडाली होती. नंतर धुऊन ठेवली, पण चालवताना करकर आवाज येतो. मिस्त्री म्हणतो भंगारात द्या. साडी आणि पंजाबी दोन्ही घालते. काय करावं?
— एक शिक्षिका, कारेलीबाग

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका. पुराचं पाणी चाकांच्या हबमध्ये, म्हणजे आसाभोवतीच्या मधल्या भागात, आणि पायडलच्या कपात शिरलं, ग्रीस वाहून गेलं आणि गाळ आत बसला. करकर त्याची आहे. ओव्हरहॉलिंग करणारा दुसरा मिस्त्री शोधा आणि पुढचा हब, मागचा हब, मधला कप आणि हँडलचा कप, चारही उघडून घ्या. छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, धुऊन परत न घालता नवेच घालायला सांगा, ते अगदी स्वस्त असतात. छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनवर त्यांनी खड्डे पाडले असतील तर कोनही बदलायचा. कोनवरून नख फिरवा, अडकलं तर तो गेला. चेन गंजून ताठ झाली असेल तर नवी टाका. ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले असणार, तेही बदला. फ्रेम मात्र आतून गंजली आहे का हे आधी तपासा : सीट काढून नळी उलटी करा आणि ठोका. नुसती तपकिरी धूळ पडली तर हरकत नाही, पापुद्रे पडले तर मिस्त्रीचं ऐकावं लागेल.

या सायकलींचे 26×1 3/8 टायर कुठल्याही सायकल मार्टात मिळतात. बसायची ढब ताठ असते, म्हणून साडीवर किंवा ओढणीत चालवायला गिअरच्या सायकलीपेक्षा हीच बरी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी आणि चेनला बंद कव्हर, या दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको. ओढणी आरीत गेली की चाक जागीच अडकतं. ओढणीची टोकं कंबरेला गाठ मारून घ्या.

पुढच्या पावसाळ्यासाठी एक खूणगाठ : चाकाचा आस बुडेल इतक्या पाण्यातून सायकल नेऊ नये, पाणी पुन्हा हबमध्ये जातं. माझ्या वाटेवरचं अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पाण्यानं भरलं की मी फतेगंजच्या पुलावरून वळसा घालते. पाण्याखाली गटाराचं उघडं झाकण असलं तर दिसत नाही, हे कारण हबच्या काळजीहून मोठं.

प्रश्न : मुलगा वाडीहून एम. एस. युनिव्हर्सिटीत सायकलनं जातो. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांजाची धास्ती वाटते. मांजा अडवायला स्कूटरला लावतात तशी कमानीची सळई सायकलला लावता येते का?
— एक आई, वाडी

उत्तर : येते. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी काळजी घ्यावीच लागते. सळई हँडलच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्पनं घट्ट बसवा. सायकलवर माणूस ताठ बसतो आणि हँडल खाली राहतं, म्हणून स्कूटरची तयार सळई बहुतेकदा बुटकी पडते. मुलाला सायकलवर बसवून मापं घ्या : कमानीचं टोक त्याच्या डोक्याच्या थोडं वर आलं पाहिजे. वळताना ती कुठे घासत नाही ना, हेही बघा. गळ्याला जाड सुती मफलर दोन वेढे, टोकं शर्टात खोचलेली. 14 आणि 15 जानेवारीला मात्र सायकल घरीच राहू द्या.

अंगावर दोरा आलाच तर हातानं ओढायचा नाही. मान खाली घालून ब्रेक लावायचा आणि थांबल्यावर तो काढायचा. सण संपल्यावरही झाडांवरून आणि तारांवरून दोरे लोंबत राहतात, म्हणून सळई जानेवारी संपेपर्यंत काढू नका. रस्त्यावर पडलेला मांजा फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या, मागे गुंडाळला जातो आणि हळूहळू हबमध्ये शिरतो. आठवड्यातून एकदा मागचं चाक उचलून फिरवा. दोरा दिसला तर चाक थांबवून कात्रीच्या टोकानं कापून चिमट्यानं ओढून काढा. फिरत्या चाकात बोट घालू नये, हे त्याला बजावून सांगा.