लाकडी बॉडीच्या फियाट जार्दिनिएराचं लाकूड काळं पडलंय, तरी गाडी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की इटलीत तोरिनोजवळ १९५० ची फियाट ५०० सी जार्दिनिएरा (छोटी स्टेशन वॅगन) विकायला आहे, लाकूड काळपट झालंय, आणि मालक म्हणतोय, "नुसतं वॉर्निश मारा, झालं." झालं की नाही, ते बॉडीची खालची वीतभर पट्टी सांगेल.

आधी लोहचुंबक लावून बघा, लाकडी दिसणाऱ्या भागाला चिकटलं तर तो पत्रा आहे. लाकडी जार्दिनिएरा १९४८ ला ५०० बी वर आली, ५०० सी वर चालू राहिली आणि १९५१ मध्ये पूर्ण पत्र्याच्या बेल्वेदेरेने तिची जागा घेतली. बेल्वेदेरे दोन रंगांत रंगवली की फोटोत लाकडी वाटते. खऱ्या लाकडी गाडीत ॲश या फिकट, कठीण लाकडाची चौकट आणि मॅसोनाइटचे (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या पातळ बोर्डाचे) पॅनल असतात. हे लाकूड शोभेचं नाही. दारं, काचा, छप्पर सगळं त्याच्यावर तोललेलं आहे.

आता दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. हललं, आणि बिजागरीची पिन मात्र घट्ट असेल, तर दार ज्यावर बसवलंय तो लाकडी खांब कुजलाय. बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरत राहिला तरी तेच समजा. मग बारीक टोच्याने दाराखालची आडवी पट्टी, चाकाच्या कमानीजवळचे सांधे आणि मागच्या दाराची खालची कड टोचून बघा, रबर उचलून. चांगल्या ॲशमध्ये टोक जेमतेम मिलिमीटरभर जाऊन अडतं. कुजलेल्यात ते आवाज न करता आत जातं, ओल्या बिस्किटात जावं तसं.

काळेपणा म्हणजे कूज असेलच असं नाही. चाकूने खरवडा, खाली लगेच पांढरं लाकूड लागलं तर डाग वरवरचा आहे. जुनं वॉर्निश पूर्ण काढून लिटरभर कोमट पाण्यात साधारण ६० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा (विषारी आहे, हातमोजे घाला) आणि डागापुरतं न लावता अख्ख्या पट्टीला लावा, नाहीतर ठिगळ दिसतं. वीसेक मिनिटांनी दोन-तीनदा धुवा, दोन-तीन दिवस वाळू द्या, मगच पॉलिश पेपर आणि तोही मास्क लावून. लोखंडी तारेचा काथ्या अजिबात वापरू नका. त्याचे कण लाकडात अडकून गंजतात आणि परत काळे ठिपके येतात.

कुजलेला भाग पुट्टीने बुजवू नका. तिरका सांधा घ्या, उतार १:८; म्हणजे २५ मिमी जाडीला २०० मिमी लांब. एपॉक्सी लावून क्लॅम्प बेताने आवळा, जास्त आवळला तर सगळा गोंद बाहेर येऊन सांधा उपाशी राहतो. पट्टी काढण्याआधी दाराच्या चौकटीत तिरकी फळी ठोका आणि एका वेळी एकच तुकडा बदला. चौकट एकदा तिरपी झाली की दार पुन्हा नीट लागत नाही. आपल्याकडच्या माणसाला साग बसवायचा मोह होतो, पण साग तेलकट, गोंद नीट धरत नाही, आणि रंगही जुळत नाही. मॅसोनाइटच्या कडा फुगल्या असतील तर त्या परत बसत नाहीत. तेवढ्याच जाडीचा टेम्पर्ड हार्डबोर्ड (तसाच, पण तेल देऊन कडक केलेला बोर्ड) घ्या आणि बसवण्याआधी मागची बाजू व कडासुद्धा वॉर्निशने सील करा.

शेवटी वॉर्निश. बोटींना लावतात ते स्पार वॉर्निश, पहिला हात अर्धा पातळ करून, मग सहा-सात हात, मध्ये ३२० चा पेपर. पॉलियुरेथेन वॉर्निश नको, ते कडक असतं. लाकूड हललं की सांध्यावर तडकतं, पाणी आत जातं आणि तिथेच कोंडतं. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना दोन हात जास्त द्या, आणि दाराखालची पाणी जायची भोकं कुणी पुट्टीने बुजवली नाहीत ना, बघा.

खालची पट्टी आणि मागचे खांब दोन्ही गेले असतील तर अख्खा सांगाडा नव्याने करायचाय असं धरूनच भाव बोला. तेव्हाही बिजागऱ्या, कड्या, काचेच्या पट्ट्या सगळ्या जागेवर असतील तरच घ्या. लाकूड कुठलाही चांगला सुतार करून देईल, या वस्तू नाही.