भीती वाटते म्हणजे विश्वास कमी असं नसतं रे

अरे, तुझ्या तपासणीचा रिपोर्ट यायच्या आधी पोटात गोळा येणारच, त्याला अविश्वास म्हणू नकोस, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता आणि तिघा शिष्यांना जागे राहा म्हणाला होता. सध्या एवढंच कर:

- रात्री बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाच, सहाच वचनं आहेत आणि सुरुवात सरळ तक्रारीनेच होते, म्हणजे देवाशी गोडगोडच बोलायला पाहिजे असं काही नाही.
- चर्चच्या मंडळीतल्या एकाला तरी खरं सांग, पास्टरच पाहिजेत असं नाही.
- गोळ्या बंद करायच्या नाहीत!!

विश्वासात नवीन आलेले लोक बायबल कुठेही उघडून बोट ठेवतात नि त्यात उत्तर शोधतात, नाहीतर "रिपोर्ट नॉर्मल आला तर दर रविवारी येईन" असा सौदा करतात, दोन्ही टाळ. ईयोब (बायबलमधला खूप दुःख सोसणारा माणूस) वगैरे नंतर बघू. रिपोर्टची तारीख कळव, प्रार्थनेत नाव घेतो.