राजकीय कविता लिहू पाहणाऱ्या नवोदितास

तुमच्या कवितांमधला संताप खरा आहे, परंतु ‘व्यवस्था’, ‘शोषण’, ‘क्रांती’ हे शब्द त्यांत इतक्या वेळा येतात की नेमके कोणावर काय गुदरले, ते दिसतच नाही. हजेरीपटावर उमटलेला मजुराचा अंगठा आणि त्यापुढे खाडाखोड करून कमी केलेली मजुरी एवढेच नेमकेपणाने लिहिलेत, तर शोषण हा शब्द लिहावाच लागणार नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आणि त्यांनी सहकाऱ्यांसह केलेली दलित पँथर या संघटनेची स्थापना, दोन्ही १९७२ सालची; तरीही जाहीरनाम्याचे काम कवितेवर ढकलले गेले नाही, संघटनेचा जाहीरनामा १९७३ मध्ये स्वतंत्रपणे निघाला. हा भेद तुम्हीही पाळावा. एखाद्या पक्षाला पाठिंबा द्यायचा असेल तर जरूर द्या, सभेला जा, पत्रके लिहा. मात्र आपल्या बाजूचे लोक चुकतात तेव्हा कवितेला गप्प बसवू नका, कारण जबाबदारीची कसोटी तिथेच लागते (आणि टाळ्याही बहुधा तिथेच थांबतात). दुसऱ्याचे दुःख ‘मी’ म्हणून लिहिणार असाल, तर ते ज्याचे आहे त्याला आधी वाचून दाखवा, आणि त्याने एखादी ओळ खोटी ठरवली तर ती कितीही आवडती असली तरी काढून टाका.