दुपारी सूर का चढतो?

प्रश्न : ५५५ आयसीचं (सूर निर्माण करणारी टायमर चिप) आठ पट्ट्यांचं ऑर्गन किट जोडलं. वाजतं, पण सकाळी लावलेले सूर दुपारपर्यंत सगळेच चढतात. खोली गच्चीवर, पत्र्याखाली आहे. नवी बॅटरी टाकली, फरक नाही. शिवाय सा, रे लावून ग लावायला घेतला की आधीचा सा बिघडतो. आयसी खराब असेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आयसी काढू नका, तो ठीक आहे. बॅटरीचाही दोष नाही. कपॅसिटरवरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशावर पोचलं की ५५५ पलटतो, त्यामुळे ९ व्होल्टचे ८ झाले तरी सूर जवळपास जागेवर राहतो. सगळे सूर एकदम सरकतात, म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक भागात आहे : आयसीच्या पिन २ आणि ६ पासून ग्राउंडला गेलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

तुमच्या किटमध्ये तिथे १०४ (म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड) छापलेली सिरॅमिकची चकती असणार. ती तापली की तिची धारिता (मायक्रोफॅरडमधलं माप) घटते आणि सूर चढतो. साधारण सहा टक्के घट झाली की अख्खा अर्धस्वर चढतो, शुद्ध ग वाजवायला जावं तर म ऐकू येतो. खात्री करायची तर एक पट्टी दाबून धरा आणि गरम सोल्डरिंग आयर्न चकतीपासून सेंटिमीटरभर अंतरावर धरा, टेकवू नका. काही सेकंदांत सूर सरकताना कानाला कळेल. तिच्या जागी १०४जे छापलेला पॉलिएस्टर कपॅसिटर लावा. पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘मायलर’ म्हणून मागा. नुसतं १०४ म्हटलंत तर पुन्हा चकतीच हातात पडेल.

आता ग आणि सा. पट्ट्यांचे प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचे छोटे रेझिस्टर) एकामागोमाग साखळीत आहेत. पिन ७ पासून तार सा पहिला, मग नी, ध असं करत मध्य सा शेवटी. सा च्या वाटेत वरचे सगळे प्रीसेट येतात, म्हणून ग हलवला की रे आणि सा दोन्ही हलतात. तेव्हा तार सा आधी लावा आणि खाली उतरत या. सा २४० हर्ट्झ धरला तर तार सा ४८०, नी ४५०, ध ४००, प ३६०, म ३२०, ग ३००, रे २७०. पिन ८ आणि ७ मध्ये १ के (किलो-ओहम) चा रेझिस्टर असेल तर तार सा ला १४.५ के लागतात (१२ के रेझिस्टर आणि ५ के चा प्रीसेट). पुढे नी ला १ के, ध आणि प ला २-२, म ला २.५, ग ला १.५, रे ला २.६७ आणि सा ला ३.३३ के ची भर. बोर्ड बंद ठेवून, एकही पट्टी न दाबता मल्टिमीटरने प्रत्येक प्रीसेट आधी इतका लावून घ्या. मग ट्यूनरसमोर थोडंच फिरवावं लागेल. एका वेळी एकच पट्टी दाबा. दोन दाबल्या तर वरचाच सूर वाजतो.

प्रश्न : ५५५ च्या ऑर्गनचा बॅटरीवर आवाज स्वच्छ, अॅडॉप्टरवर मात्र घरघर. काय करू?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : ट्रान्सफॉर्मरच्या अॅडॉप्टरची ही १०० हर्ट्झची गुणगुण असते. बोर्डाच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर टाका, धन-ऋण बघून. आणि आयसीची पिन ५ मोकळी असेल तर तिथून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरड जोडा. मोकळ्या पिनवर आलेली गडबड थेट सुरात उतरते.